आजचा चिनी माणूस कन्फ्यूशियस जसाच्या तसा वाचतो म्हणे. खरं का?

गोदाकाठचा (धागाकर्ता)

मंडळी, एक शंका. आमच्या भावकीच्या ग्रुपवर काकांनी एक फॉरवर्ड टाकलाय. त्यात म्हटलंय की चिनी लिपी उच्चारावर नाही, अर्थावर चालते, त्यामुळे अडीच हजार वर्षांत तिथली लेखी भाषा बदललीच नाही. चीनमधलं शाळकरी पोर कन्फ्यूशियसचं मूळ पुस्तक उघडतं आणि आपण पेपर वाचतो तसं वाचत सुटतं. खाली आपल्याला टोमणा: "आणि आपण? सातशे वर्षांपूर्वीची ज्ञानेश्वरी वाचायला आपल्याला अर्थ लागतो!"

टोमणा झोंबला, कारण माझ्याकडे सार्थ ज्ञानेश्वरी आहे आणि मी त्यातलं 'सार्थ'च जास्त वाचतो. पण फॉरवर्डमधलं चीनचं खरं आहे का? इथे कोणी चिनी जाणणारं असेल तर सांगा. मला लिपीतलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा जरा सोपं करून.

चहाबाज

फॉरवर्डमध्ये नासा आणि युनेस्को दोघांचंही नाव नाही, म्हणजे थोडं तरी खरं असणार. जागा धरून बसलोय.

शब्दहमाल

अर्धं खरं आहे, आणि घोळ तोच अर्धा घालतो. 'वाचतो' हे खरं. 'कळतं' हे नाही.

मी चिनीतून भाषांतर करून पोट भरते. काम रुक्ष असतं: प्लास्टिक मोल्डिंगच्या मशीनची मॅन्युअल्स, सुट्या भागांच्या याद्या, करारनामे. त्याआधी नानजिंगला शिकत होते, तेव्हा घरमालकिणीची आठवीतली मुलगी रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर अभ्यासाला बसायची. जुन्या चिनीचा धडा असला की घरात भांडण ठरलेलं. 'पेपर वाचतो तसं' हे त्या पोरीला ऐकवायला हवं होतं.

कन्फ्यूशियसपासूनच सुरुवात करू. 'लुन-यू' या त्याच्या संवादांच्या संग्रहाचं पहिलं वाक्य असं: "श्वे अर शिह शी चिह, पू यी युए हू?" (स्वरांचे चढउतार सोडून दिलेत, उच्चार देवनागरीत मारूनमुटकून बसवलेत. जाणकारांनी चालवून घ्यावं.) अर्थ साधारण असा, की शिकावं आणि वेळच्या वेळी त्याचा सराव करावा, यात आनंद नाही का? सातवीच्या पुस्तकात हे वाक्य आहे. यातलं प्रत्येक अक्षर सातवीतलं पोर ओळखतं. पण 'आनंद'च्या जागी जे अक्षर छापलेलं आहे, ते आज 'श्वो' असं वाचतात आणि त्याचा अर्थ होतो बोलणं. अगदी रोजच्या वापरातलं अक्षर. कोणी सांगितलं नाही तर पोर बोलण्याबद्दल काहीतरी आहे असंच समजणार. मग बाई सांगतात, इथे ते 'युए' वाचायचं; त्या काळी दोन्ही अर्थ एकाच अक्षरावर भागवत, आनंदासाठी हृदयाचं चिन्ह जोडलेलं वेगळं अक्षर नंतर आलं. 'शिह' म्हणजे 'योग्य वेळी' की 'वारंवार', यावर तर भाष्यकारांचीच जुंपलेली आहे. बाराव्या शतकातल्या चू शीने 'वारंवार' धरलं. आणि शेवटचा प्रश्नार्थक 'हू' बोलण्यातून केव्हाच गेला, आज तिथे 'मा' लावतात. पहिल्याच वाक्यात ही गत.

याला चिनी शाळांत चक्क नाव आहे: 'गू-चिन यी-यी', म्हणजे जुन्या-नव्या अर्थातला फरक. मुलं त्याच्या याद्या पाठ करतात, परीक्षेत त्यावर प्रश्न येतात. आठवीला थाओ युआनमिंग या कवीचा पीचच्या फुलांच्या झऱ्याचा धडा असतो. थाओ वारला इ.स. ४२७ मध्ये. एक कोळी वाट चुकून डोंगरापलीकडच्या गावात पोचतो, तिथल्या लोकांचे पूर्वज छिन काळातल्या (इ.स.पूर्व तिसरं शतक) धामधुमीतून पळून येऊन लपलेले. धडा पानभरही नाही, पण सापळे बघा. गावकरी सांगतात, आमचे पूर्वज 'छी-त्झ'ला घेऊन इथे आले. आज छी-त्झ म्हणजे बायको. थाओच्या वेळी ते दोन वेगळे शब्द होते, छी म्हणजे बायको आणि त्झ म्हणजे मुलं. बायकापोरं! आजचा अर्थ लावला तर पूर्वज पोरांना मागेच टाकून आले असं होतं. ते जिथे आले ती जागा 'च्वे-चिंग', म्हणजे जगापासून तुटलेली. आज हाच शब्द 'आता सुटका नाही' अशा अवस्थेसाठी वापरतात. शेतांचे बांध 'च्याओ-थोंग', म्हणजे एकमेकांना जाऊन मिळतात. आज च्याओथोंग म्हणजे ट्रॅफिक. त्यांना हान राजवट ठाऊक नव्हती, वै आणि चिन या त्यानंतरच्या राजवटी तर सोडाच, यातल्या 'सोडाच'ला 'वू-लुन' आहे, आणि आज वू-लुन म्हणजे 'काहीही असो'. मालकिणीच्या मुलीच्या पुस्तकात छापील मजकुरापेक्षा समासातलं लाल पेनचं लिखाण जास्त होतं.

पण हे जोडशब्द झाले. खरी गंमत एकेका अक्षराच्या क्रियापदांत. 'छ्यू' म्हणजे आज 'जाणे', अमुक ठिकाणी जाणे. जुन्या भाषेत 'छ्यू' म्हणजे ते ठिकाण सोडून जाणे. कन्फ्यूशियसच्या परंपरेतला पुढचा मोठा विचारवंत मेन्शियस, त्याच्या ग्रंथात एक प्रसंग येतो, मेन्शियस छी राज्य सोडून निघतो. लिहिलंय 'मंग-त्झ छ्यू छी'. आजच्या माणसाला विचारा, तो बेधडक सांगेल की मेन्शियस छीला चाललाय. वाक्य तेच, अक्षरं तीच, माणूस बरोबर उलट्या दिशेला. तसंच 'चोउ' ('चोर'मधला च, आपल्याला हा उच्चार फुकटात येतो). आज त्याचा अर्थ चालणे, निघणे. तेव्हा होता पळणे. 'घोडा पळवत फुलं बघणे' असा एक वाक्प्रचार आजही सर्रास वापरतात, वरवर नजर टाकणे अशा अर्थाने. त्यात घोड्याला 'चोउ' आहे. घोडा रमतगमत चाललाय असं समजलात तर वाक्प्रचारातला जीवच जातो. 'थांग' म्हणजे आज सूप, तेव्हा गरम पाणी; मेन्शियसच्याच ग्रंथात त्याचा शिष्य म्हणतो, हिवाळ्यात थांग पितात आणि उन्हाळ्यात पाणी. 'वन' म्हणजे तेव्हा ऐकणे, आज वास घेणे. हे कान सोडून नाकात कसं शिरलं यावर विद्वानांनी पानं खर्ची घातली आहेत. ती मी वाचली आणि विसरले.

म्हणून ज्ञानेश्वरीच्या टोमण्याचं फार मनाला लावून घेऊ नका. 'आथि' किंवा 'जंव' दिसलं की आपण थबकतो, कारण शब्द अनोळखी दिसतो. कळलं नाही हे आपल्याला कळतं. चिनीत दारावरची पाटी तीच राहते आणि आतले भाडेकरू बदलतात. वाचणारा थबकत नाही, ओळखीच्या घरात शिरल्यासारखा सरळ आत जातो. माझ्या मते लिपी टिकली याचा हा तोटा आहे आणि त्याबद्दल फॉरवर्डमध्ये कोणी लिहीत नाही.

गोदाकाठचा

ताई, दंडवत. मेन्शियस छीला चालला की छीहून निघाला हे काकांना लगेच पाठवतो.

एक उपप्रश्न. बोलण्यातले अर्थ इतके सरकले होते तर मधल्या काळात लोक लिहीत कोणत्या भाषेत होते? दोन हजार वर्षं कोणाला खटकलं नाही?

शब्दहमाल

खटकलं, पण परीक्षा तीच होती ना. सरकारी नोकरीची वाट जुन्या ग्रंथांवरच्या परीक्षेतून जायची, आणि परीक्षा जुन्याच भाषेत. ज्याला कारकून व्हायचंय तो कशाला तक्रार करतोय! बोलीभाषेत लिहिणारे होतेच. मिंग काळातल्या मोठ्या कादंबऱ्या बोलीच्या जवळ आहेत. पण ते करमणुकीचं लिखाण. प्रतिष्ठित माणूस पत्रसुद्धा जुन्या वळणाने लिहायचा.

ती परीक्षा १९०५ मध्ये बंद झाली. मग फार वेळ लागला नाही. जानेवारी १९१७ मध्ये हू शिह याने 'नवयुवक' मासिकात लेख लिहिला की बोलतो तसं लिहा. तेव्हा तो न्यूयॉर्कला शिकत होता. गंमत अशी की तो लेख त्याने जुन्या भाषेतच लिहिला होता! मे १९१८ मध्ये त्याच मासिकात लू शुन या लेखकाची वेड्याच्या रोजनिशीची कथा आली, ती बोलीत. तिची प्रस्तावना मात्र मुद्दाम जुन्या भाषेत. आणि १९२० मध्ये शिक्षण मंत्रालयाने पहिली-दुसरीची पुस्तकं बोलीभाषेत करायचा आदेश काढला. त्याच सुमारास लिऊ पाननोंग याने 'ती'साठी स्वतंत्र अक्षर चालवायचा आग्रह धरला. तोवर तो, ती, ते सगळ्यांना एकच अक्षर होतं. उच्चार आजही एकच आहे, 'था'. फरक फक्त कागदावर.

आता शब्द का बदलले, त्याचं एक कारण कानात आहे. उत्तरेकडच्या बोलींत शेवटचे प्, त्, क् झिजून गेले, इतरही बरेच उच्चार एकमेकांत मिसळले. परिणाम असा की ढीगभर शब्द एकसारखे ऐकू येऊ लागले. मग लोकांनी जोड लावली. डोळा आधी 'मू' होता, आता 'येन-चिंग'. कान 'अर' होता, आता 'अर-त्वो'. चाओ युआनरन या भाषाशास्त्रज्ञाने यावर एक गोष्टच रचली: शिह आडनावाचा कवी, दगडी घरात राहतो, दहा सिंह खायचा पण करतो. नव्वदहून जास्त अक्षरं आणि प्रत्येकाचा उच्चार 'शिह'. कागदावर वाचली तर जुन्या भाषेत अर्थ नीट लागतो. मोठ्याने वाचली तर कुकरच्या शिट्टीपलीकडे काही हाती लागत नाही. थोडक्यात, जुनी लेखी भाषा डोळ्यांनीच वाचायची उरली होती.

आनापान

भर घालतो. मी पालीच्या बाजूने या भानगडीत आलो. आपल्याकडे पु. वि. बापटांनी १९३७ साली पुण्यातून 'विमुत्तिमग्ग' आणि 'विसुद्धिमग्ग' या बौद्ध ग्रंथांचा तौलनिक अभ्यास छापला, तेव्हा 'विमुत्तिमग्ग'साठी त्यांना सहाव्या शतकातल्या चिनी भाषांतराचा आधार घ्यावा लागला. ते वाचता वाचता मी चिनी शब्दांच्या नादी लागलो.

चिनी शब्द बदलण्यात बौद्ध भाषांतरकारांचा वाटा मोठा आहे. 'क्षण'चा झाला 'छा-ना', आजही वापरात. 'मल्लिका'ची 'मो-ली', म्हणजे तिकडचा मोगरा. 'मार'साठी, म्हणजे बुद्धाला मोहात पाडू पाहणाऱ्यासाठी, तर 'मो' हे नवं अक्षर घडवलं, भूत-सैतानासाठी आजही तेच. 'लोकधातू'साठी 'शिह-च्ये' योजलं आणि आज 'जग' म्हणायला सगळे तेच म्हणतात. 'समता'साठी 'फिंग-तंग', आज चिनी राज्यघटनेत 'कायद्यापुढे सर्व नागरिक समान' या वाक्यात तोच शब्द आहे. माझा आवडता म्हणजे सफरचंद, 'फिंग-क्वो'. बौद्ध ग्रंथांतल्या बिंबफळाचं चिनी रूप होतं 'फिन-फो', त्यावरून हा शब्द आला असं मानतात. बिंबफळ म्हणजे आपलं तोंडलं. म्हणजे चीनमध्ये लोक रांगा लावून जो महागडा फोन घेतात, त्याचं नाव मुळात तोंडलं!

रच्याकने, भारताचं नावही असंच सरकत आलंय. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातला दूत चांग छ्येन बॅक्ट्रियात (आजच्या उत्तर अफगाणिस्तानाकडे) ऐकून आला ते 'शन-तू'. पुढे 'थ्येन-चू' रूढ झालं. सातव्या शतकात ह्युएनत्संगाने लिहिलं की या नावावरून फार गोंधळ आहे, बरोबर उच्चार 'यिन-तू'. आज चिनीत भारत म्हणजे यिनतूच. तो महाराष्ट्रातही येऊन गेला, पुलकेशी दुसरा राज्य करत असताना. प्रदेशाचं नाव त्याने लिहिलंय ते आज वाचलं तर 'मो-ह-ला-छा' होतं. वाटतं, हे काय ऐकलं याने! पण त्या काळी त्यातल्या 'ला'च्या शेवटी त् होता, पहिलं अक्षर 'मा'च्या जवळचं होतं. 'महा-रट्ठ' बऱ्यापैकी नीट ऐकलं होतं गड्याने. इथल्या माणसांबद्दल लिहिलंय की उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत.

शब्दहमाल

@आनापान, तोंडल्याचं माहीत नव्हतं, आज दिवसभर पुरेल.

तुमच्या यादीत 'फांग-प्येन' घाला. 'उपाय', 'उपायकौशल्य' यातल्या उपायासाठी भाषांतरकारांनी तो शब्द वापरला: ज्याला जसं झेपेल तसं समजावून सांगण्याची हातोटी. आज फांगप्येन म्हणजे सोयीस्कर. झटपट नूडल्सच्या पाकिटावर हाच शब्द असतो. आणि जेवताना कोणी उठून "जरा फांगप्येन करून येतो" म्हणालं तर तो बाथरूमला चाललाय, बोधिसत्त्वाच्या मार्गाला नाही.

कौलूनचा कोकण्या

ताईंचं सगळं मान्य, पण 'चिनी' म्हणून बोलताय ती उत्तरेकडची मँडरिन. इथे हाँगकाँगमध्ये कँटनीज बोलतात आणि तिच्यात बरेच जुने भाडेकरू अजून घर सोडून गेलेले नाहीत. खाणे म्हणजे 'सिक', पिणे म्हणजे 'याम', चालणे म्हणजे 'हांग'. हे तिन्ही शब्द जुन्या ग्रंथांतले. मँडरिनवाले 'छिह' आणि 'ह' म्हणतात, ते नंतरचे. आणि तुमचा 'चोउ' इथे 'चाउ' आहे, त्यात पळण्याचा अर्थ अजून शाबूत. शेवटचे प्, त्, क् पण आहेत. बुद्धाला मँडरिनमध्ये 'फो' म्हणतात, बुद्धाशी काही संबंध तरी वाटतो का? इथे 'फत्' म्हणतात, आणि तांग काळात (सातवं ते दहावं शतक) 'बुत्'सारखं काहीतरी होतं.

मात्र माझी मुलगी इथल्या शाळेत जाते, ती घरी 'सिक' म्हणते आणि निबंधात मँडरिनचं 'छिह' लिहिते. शाळेत प्रमाण लेखी भाषाच लागते. म्हणजे बोलतो तसं लिहा ही क्रांती उत्तरेकडच्यांचीच झाली. दक्षिणेकडच्यांनी एक परकी लेखी भाषा सोडून दुसरी घेतली. हू शिहला विचारायला हवं होतं, 'बोलतो तसं' म्हणजे कोण बोलतो तसं?

शब्दहमाल

@कौलूनचा कोकण्या, हा मुद्दा मी लिहायला हवा होता त्यापेक्षा चांगला लिहिलात. जपानीतही हेच दिसतं. तिथे स्नानगृहाच्या पडद्यावर गरम पाण्याचं अक्षर असतं, तेच 'थांग'. चिनी पर्यटकाला वाटतं आत सूप मिळतं.

जपानचा विषय निघालाच आहे तर उरलेलं सांगते, कारण माझ्या करारनाम्यांतले निम्मे शब्द तिकडून आलेत. १८९४-९५ च्या युद्धात चीन जपानकडून हरला आणि १८९६ पासून चिनी विद्यार्थी शिकायला जपानला जाऊ लागले. जपान्यांनी पाश्चात्त्य कल्पनांसाठी चिनी अक्षरांतूनच शब्द पाडून ठेवले होते, कधी नवे जोडून, कधी जुन्या ग्रंथांतले उचलून. 'चिंग-ची' घ्या. जुन्या चिनीत अर्थ राज्यकारभार चालवून रयतेचं भलं करणं. जपान्यांनी तो अर्थव्यवस्थेला लावला आणि शब्द नवा अर्थ घेऊन माघारी आला. येन फू नावाच्या मोठ्या भाषांतरकाराने अर्थशास्त्रासाठी 'ची-श्वे', हिशेबाचं शास्त्र, असा स्वतःचा शब्द काढला होता. सुबक होता, पण चालला नाही. भाषांतरकाराच्या शब्दाला कोण विचारतं, हे मी स्वानुभवाने सांगू शकते. १९०३ साली छिंग दरबाराने, म्हणजे शेवटच्या राजघराण्याने, 'चिंग-ची'ची खास परीक्षा घेतली. आजचा विद्यार्थी समजतो अर्थशास्त्राची. ती कारभारी निवडायची परीक्षा होती.

कधी बाहेरून आलेला शब्द पडतोही. टेलिफोनला आधी शांघायमध्ये 'त-ल्यू-फंग' म्हणत. मग जपानकडून 'त्येन-ह्वा' आला, वीज अधिक बोलणं, आणि तल्यूफंग गेला.

गोदाकाठचा

आता काकांची खैर नाही. शेवटचा प्रश्न, जरा स्वार्थी. माझा भाचा ऑक्टोबरात ग्वांगचौच्या व्यापार मेळ्याला चाललाय. त्याने कुठल्याशा जुन्या पुस्तकातून वाक्यं पाठ केलीत. हॉटेलातल्या मुलीला हाक मारायला 'श्याओ-च्ये' लिहिलंय. चालेल ना? की यातही भाडेकरू बदललाय?

शब्दहमाल

बदललाय, आणि एकदा नाही. सुंग काळात (दहावं ते तेरावं शतक) श्याओच्ये हलक्या समजल्या जाणाऱ्या बायकांना म्हणत. पुढे तोच शब्द घरंदाज, हवेलीतल्या मुलींचा झाला. १९४९ नंतर सगळे 'थोंग-चिह', म्हणजे कॉम्रेड. श्याओच्ये भांडवलदारी म्हणून हद्दपार. ऐंशीच्या दशकात 'मिस' या अर्थाने परत आला, आणि मग मुख्य भूमीवर वेश्येसाठी आडून वापरायचा शब्द होऊन बसला. तैवानमध्ये आजही बिनधास्त चालतो, मीटिंगमध्ये आडनावापुढे लावला तर इतरत्रही खपतो. हॉटेलात नुसती हाक मारू नये. 'थोंग-चिह' म्हणून वेळ मारून नेईन म्हणाल तर तोही सरकलाय, आता तो समलिंगी व्यक्तींसाठी वापरतात. भाच्याला 'फू-वू-युआन' म्हणायला सांगा. सेवा देणारी व्यक्ती, इतकाच अर्थ. रुक्ष आहे, पण सुरक्षित.

कौलूनचा कोकण्या

ग्वांगचौमध्ये असेल तर सरळ 'लेंग-नोय' म्हणू दे. 'सुंदरी'. तिकडे भाजीवाल्या आजीपासून बँकेतल्या कॅशियरपर्यंत सगळ्यांना हेच म्हणतात, कोणी वळूनसुद्धा बघत नाही. पुरुष असेल तर 'लेंग-चाय'.

चहाबाज

आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये उद्या हा प्रयोग मराठीत करून बघतो.

शब्दहमाल

नको.